सुरी ओफेलियाच्या हातात

बाहुलं कुणाच्याच तुकड्यात निघालं नाही.

परातीत आता साखरेचा चुरा आणि संत्र्याच्या सालीचे दोन-चार तुकडे उरले होते. मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या ओफेलिया बार्रागान यांच्या बेकरीत जमलेले व्यापारी एकमेकांच्या तोंडांकडे पाहत होते. दर जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, त्या रस्त्याचा व्यापारी संघ इथंच जमायचा आणि ओफेलियांनी भाजलेला रोस्का खायचा. कवेत मावणार नाही एवढा तो गोल, गोड पाव आणि त्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढं एक पांढरं बाहुलं, बाळ येशूचं. ते ज्याच्या वाट्याला येईल, त्यानं दोन फेब्रुवारीला अख्ख्या संघाला आपल्या दुकानात बोलवायचं आणि तमाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले सारणाचे उंडे, खाऊ घालायचे.

"चला, कबूल करा," यादिरा म्हणाली. तिचं विम्याचं ऑफिस होतं आणि यंदा ती संघाची अध्यक्ष होती. "आन्सेल्मो, तोंड उघड."

"दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा मी एवढं उघडत नाही," टायरवाल्या आन्सेल्मोनं जबडा वासून दाखवला. "आणि मी एकदा घातलंय जेवण. टायरांच्या ढिगावर बसून हादडलंत सगळ्यांनी."

"तमाल्यांना रबराचा वास येत होता," फुलवाली चेलो म्हणाली.

"तरी तू सहा खाल्लेस."

सगळे हसले. ओफेलिया हसल्या नाहीत. त्या एव्हारिस्तो लागुनास यांच्याकडे पाहत होत्या. बूट दुरुस्त करणारे एव्हारिस्तो कोपऱ्यात चॉकलेटचा कप दोन्ही हातांत धरून उभे होते. बराच वेळ त्यांनी एक घोटही घेतला नव्हता. त्यांचा डावा गाल किंचित फुगलेला होता. मुळातच ते कमी बोलणारे, त्यामुळे ते गप्प आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाहुलं त्यांच्याच तुकड्यात होतं. ओफेलियांना ते ठाऊक होतं, कारण त्यांनी ते अंजिराच्या हिरव्या पट्टीखाली ठेवलं होतं आणि तो तुकडा स्वतःच्या हातानं त्यांना दिला होता. इतर ठिकाणी ज्यानं त्यानं आपला तुकडा कापून घ्यायचा असतो. इथं सुरी ओफेलियांच्या हातात असायची. यजमानीण म्हणून असेल, असं सगळे धरून चालले होते.

आन्सेल्मोचं दुकान जळालं, त्या वर्षी बाहुलं आन्सेल्मोकडे गेलं. चेलोचा नवरा घर सोडून गेला, त्या वर्षी चेलोकडे. या रस्त्यावर कुणी मदत मागत नाही. पाटी वाकडी होते, दिवे लवकर बंद होतात आणि एके दिवशी दुकान रिकामं दिसतं. पण तमाले खायला सगळ्या संघाला आत जावं लागतं. आत गेलेल्याला छताची गळती दिसते, रिकामी फळी दिसते. मग कुणी पत्रा आणतो, कुणी गिऱ्हाईक पाठवतो. संघाच्या कुठल्याच ठरावात हे नव्हतं.

गेल्या वसंतात एव्हारिस्तोंची बायको अंपारो गेली. तेव्हापासून त्यांचं दुकान कधी उघडं असे, कधी नसे.

"म्हणजे बाहुलं घालायचंच राहिलं," मागून कुणीतरी म्हणालं.

त्याच दुपारी एक ठराव मतदानाला होता. पुढच्या वर्षीपासून हा मेळावा शहरातल्या मोठ्या हॉटेलात घ्यावा, बँकवाल्यांना आणि नगरपालिकेच्या लोकांना बोलवावं, असं यादिराचं म्हणणं होतं. तिचं चुकत होतं असं नाही. तिच्यामुळेच संघाला पालिकेच्या बैठकीत खुर्ची मिळाली होती. पण हॉटेलात सुरी ओफेलियांच्या हातात राहिली नसती. मतं अजून निम्मी-निम्मी होती.

"एव्हारिस्तो, गाल रिकामा करा," एवढं म्हटलं की पुरे होतं. लोक हसले असते, बेकरीची लाज राहिली असती. मग कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं? आणि आन्सेल्मोला, चेलोला त्या रात्री झोप आली नसती.

"माझ्याकडूनच राहिलं," ओफेलिया म्हणाल्या. "तमाले माझ्याकडे."

रोस्का भाजणारीच बाहुलं विसरली, असं सगळ्यांनी धरलं.

"होतं असं, दोन्या ओफेलिया," यादिरा मायेनं म्हणाली. वयानं मोठ्या बाईला तिथं मानानं 'दोन्या' म्हणत. "किती वर्षं एकटीनं करताय. पुढच्या वर्षी हॉटेलवाले करतील. तुम्ही पाहुण्या म्हणून या, पहिल्या रांगेत बसा."

तिला खरंच वाईट वाटलं होतं. ओफेलिया परातीतला चुरा गोळा करू लागल्या. हॉटेलच्या बाजूनं जास्त हात वर झाले तेव्हा एव्हारिस्तो दाराशी टोपी घालत होते.

दोन फेब्रुवारीला बेकरीत सगळे आले. एव्हारिस्तो आले नाहीत. पाहुणे पांगल्यावर ओफेलियांनी उरलेले तमाले फडक्यात बांधले आणि बर्फातून रस्ता ओलांडला.

शटर अर्धं वर होतं. आतल्या फळ्या रिकाम्या होत्या. शिवणयंत्र होतं तिथं फरशीवर चार काळे ठसे होते.

"या, कोमाद्रे," एव्हारिस्तो म्हणाले. ओफेलिया त्यांच्या मुलीच्या धर्ममाता झाल्या, तेव्हापासून ते त्यांना याच नात्यानं हाक मारत.

"लाल मिरचीचे आहेत. गरम आहेत तोवर खा."

एव्हारिस्तोंनी शर्टाच्या खिशातून बाहुलं काढून टेबलावर ठेवलं. "दात वाचला थोडक्यात."

"गिळलं असतंत म्हणजे?"

"माझ्या मयताला तमाले घालायला लागले असते तुम्हाला."

दोघं उभ्यानंच खाऊ लागले. मक्याची पानं त्यांनी नीट घडी करून एका बाजूला ठेवली.

"आमचं छत गळत होतं, त्या वर्षी आमच्याकडे आलं होतं हे," एव्हारिस्तो म्हणाले. "अंपारो म्हणाली, कुठं जायचं ते बाळाला बरोबर कळतं. मला वाटलं, बाळाला नाही, सुरीला."

"तेव्हापासून माहीत होतं?"

"तिला नाही सांगितलं. तिला बाळाचंच वाटू दिलं."

"मग यंदा काय झालं?"

"यंदा सगळे आले असते. आन्सेल्मोनं भिंत रंगवली असती. यादिरानं चार जणांना माझं नाव सांगितलं असतं. मग मला रोज दुकान उघडावं लागलं असतं, कोमाद्रे. त्यांच्यासाठी." त्यांनी हात पुसले. "ती नसताना मला बूट शिवायचे नाहीत. मुलगी सान अँटोनियोला बोलावतेय. जातो."

दुकान कसं वाचेल याचा ओफेलियांनी सगळ्या बाजूंनी विचार केला होता. ही बाजू सोडून.

"मी आधी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"विचारलं असतंत, तर नाही म्हणता आलं नसतं मला. आणि तुम्ही त्या दिवशी बोलायला हवं होतं. माझ्यापायी रोस्का गेला तुमचा."

"हॉटेलवालेही बाहुलं घालतीलच."

"घालतील. पण कुणाला द्यायचं ते त्यांना काय माहीत?"

ओफेलियांनी बाहुलं त्यांच्याकडे सरकवलं. "ठेवा. तुमच्या तुकड्यातलं आहे."

एव्हारिस्तोंनी ते आरी-रापीच्या डब्यात टाकलं. मग खाली वाकून टेबलामागून एक तपकिरी जोडी वर काढली. अंपारो आजारी पडण्याआधी ओफेलियांनी दुरुस्तीला दिलेले बूट. त्यांनी ते कधी परत मागितले नव्हते.

"तळ नवा घातलाय. बसा."

ओफेलिया गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या. एव्हारिस्तो गुडघ्यावर बसले, त्यांनी बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि टाचेवर अंगठा दाबून पाहिला.

"चावतोय कुठं?"

"नाही."

बाहेर आन्सेल्मो आपल्या दुकानासमोरचा बर्फ ओढत होता. त्याचं लक्ष खाली गेलं.

"नवे बूट, दोन्या ओफेलिया?"

"जुनेच आहेत," त्या म्हणाल्या.

मागं शटर खाली आलं. ओफेलियांनी वळून पाहिलं नाही. बर्फ निसरडा होता, पण पाय घसरत नव्हता.