थेंब मोजणाऱ्या चिपचा ड्रायव्हर

ऑफिसात तिला सगळे झडतीबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्याचा कोड तपासायचा आणि खाली 'तपासला' म्हणून आपलं नाव लिहायचं, हे तिचं सोळा वर्षांचं काम. संशय अंगातच मुरलेला. नवऱ्याने कारण नसताना चहा करून दिला तरी ती आधी विचारायची, "काय फोडलंस?"

त्या सकाळी तिच्यापुढे नव्याचा बदल आला. नवा म्हणजे तीन महिन्यांपूर्वी आलेला, मान खाली घालून काम करणारा इंजिनिअर. कंपनी इस्पितळांसाठी पंप बनवायची, रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारे. त्यात मुख्य प्रोसेसरच्या जोडीला एक छोटी चिप होती आणि थेंब मोजणं एवढंच तिचं काम. पंप सुरू झाला की त्या चिपला तिचा प्रोग्रॅम पोचवायचा आणि पडद्यावर हिरवी खूण लावायची, हे करायचा कर्नलमधला, म्हणजे पंपाच्या मूळ प्रणालीतला, ड्रायव्हर नावाचा कोड. तो दोन वर्षं बिनतक्रार चालत होता. नव्याने त्यात अकरा ओळी घातल्या होत्या: जरा थांबायचं, चिपला 'मिळाला का?' विचारायचं, उत्तर आल्यावरच खूण लावायची. वर शीर्षक, 'किरकोळ साफसफाई'.

साफसफाईला अकरा ओळी? तिच्या भुवया वर गेल्या. या गड्याने दुसरीकडे कुठेतरी घोळ घातलाय आणि इथे पांघरूण घालतोय, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. तिने त्या ओळी काढून टाकल्या आणि पंप वीस वेळा बंद-चालू केला. वीसही वेळा हिरवी खूण आली, थेंबही बरोबर मोजले गेले. मग ती तडक त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"तुझ्या ओळींशिवाय सगळं चालतंय. मग या कशाला?"

"असू द्या ना मॅडम. सेफ्टी म्हणून."

"मला गुंडाळू नकोस. काय लपवतोयस?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आतली बॅटरी काढून बघितलीत?" त्याने हळूच विचारलं.

नव्हती काढली. कोणीच काढत नसे. बॅटरी चार स्क्रूंच्या मागे होती, दर चाचणीला ते खोलत कोण बसणार! दुपारी तिने स्वतः ते खोलले, बॅटरी काढली, पाच मिनिटांनी परत बसवली आणि जुन्याच ड्रायव्हरवर पंप सुरू केला. हिरवी खूण आली. चाचणीचं पाणी टपटप भांड्यात पडू लागलं. पडद्यावरचा आकडा मात्र शून्यावरच थांबला होता.

चिप जागी व्हायच्या आतच जुना ड्रायव्हर प्रोग्रॅम ढकलून मोकळा होत होता. बॅटरी होती तोवर चिपमध्ये कारखान्यात भरलेला आधीचाच प्रोग्रॅम शिल्लक राहायचा, म्हणून सगळं छान दिसायचं. बाहेर गेलेल्या पंपांच्या बॅटऱ्या अजून नव्या होत्या. पण एखादी पार उतरली असती, तर नर्स हिरवी खूण बघून निर्धास्त निघून गेली असती.

तिने जुन्या ड्रायव्हरची नोंद उघडली. 'तपासला', आणि खाली तिचंच नाव. तिने नव्याला बोलावून घेतलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमचं नाव बघितलं. वाटलं, पुढच्या पंपांत गुपचूप दुरुस्त होईल."

"आणि गेलेल्यांचं काय?"

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि मग आपली चूक झाकली जाईल म्हणून क्षणभर बरंही वाटलं, आणि त्याची तिला फार लाज वाटली. मंजुरीचं बटण समोर होतं. दाबलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

तिने बदल परत पाठवला. 'कोड बरोबर, शीर्षक खोटं. जुना दोष काय, तो कोणी पास केला, नावासकट लिही.' मग तिने पंप रवाना करणाऱ्या साहेबांना फोन लावला.

"सगळ्या इस्पितळांना आत्ताच्या आत्ता कळवा. पंप वापरू नका म्हणावं. सगळे परत मागवायचेत."

"सगळे? अहो, कोण म्हणतंय असं?"

"ज्या बाईने ते पास केले, ती."