अडतीस स्लाइड आणि एक बस

बार्शीची कौमुदी ठोंबरे जयपूरला नोकरीला आली, त्याला तीन वर्षं झाली होती. सीतापुऱ्यातल्या गतिसार नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती काम करायची. कारखान्याच्या बसमध्ये एक डबी बसवायची आणि बस कुठवर आलीय ते कामगारांना मोबाइलवर दाखवायचं, एवढाच कंपनीचा धंदा. पण धंदा उपयोगाचा होता. पूर्वी थांब्यावर अर्धा-अर्धा तास उन्हात उभ्या राहणाऱ्या बायका आता बस जवळ आल्यावरच घराबाहेर पडायच्या.

कंपनीचा मालक राघव माथुर. पहिली डबी त्यानं जगतपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हातानं जोडली होती. माणूस हुशार आणि मनानं चांगला. पण दोन वर्षांपूर्वी तो बंगळुरूला एका परिषदेला गेला आणि परत आला तो वेगळीच भाषा घेऊन. तेव्हापासून गतिसारमध्ये बसला बस म्हणणं बंद झालं. बस म्हणजे ‘मोबिलिटी अ‍ॅसेट’. ड्रायव्हर म्हणजे ‘फील्ड पार्टनर’. थांबा म्हणजे ‘टचपॉइंट’. बसला उशीर कधी व्हायचाच नाही, तिचं ‘टाइमलाइन रिअलाइनमेंट’ व्हायचं.

कौमुदीचं काम ड्रायव्हरांचे फोन घ्यायचं. एकदा पंडितजी नावाच्या ड्रायव्हरचा फोन आला, “मॅडम, टायर बैठ गया.” तक्रार नोंदवायच्या पानावर पंक्चर असा पर्यायच नव्हता. शोधून शोधून तिनं ‘अ‍ॅसेट वेलनेस’वर टिचकी मारली. दहा मिनिटांत एचआरकडून पंडितजींच्या मोबाइलवर प्राणायामाचा व्हिडिओ गेला. पंडितजींनी रस्त्याच्या कडेला बसून तो शेवटपर्यंत पाहिला आणि मग उठून स्वतःच चाक बदललं.

फेब्रुवारीत सोलापूरहून चौकशी आली. शेषराव गुंड यांचा तिथं शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता. चारशे बायका आणि सात बस. शेषराव कापड बघायला भिलवाड्याला येणार होते, तिथून एक दिवस जयपूरला येणार होते. सोबत त्यांची थोरली बहीण आक्काबाई. कारखाना भावाच्या नावावर होता, पण शेवटचा शब्द बहिणीचा, आणि त्या बहिणीला मराठीशिवाय दुसरं काही ऐकायची सवय नव्हती.

राघवनं कौमुदीला बोलावून हिंदीत सांगितलं, “आपलं प्रेझेंटेशन मराठीत पाहिजे. अडतीस स्लाइड आहेत. शुक्रवारपर्यंत.”

तिनं पहिली स्लाइड उघडली. इंग्रजीतलं ते वाक्य तीनदा वाचलं. त्यात क्रियापद होतं, पण कोण काय करतंय त्याचा पत्ता लागेना. मग ती प्रसन्नकडे गेली. प्रसन्न बर्वे कंपनीचा ‘स्टोरीटेलिंग हेड’. स्लाइड सगळ्या त्यानंच लिहिलेल्या. वडील सैन्यात, जयपूरला बदली होऊन आले आणि इथेच राहिले, त्यामुळे त्याचं मराठी घरात बोलण्यापुरतं होतं.

“प्रसन्न, हे ‘होलिस्टिक इकोसिस्टम’ म्हणजे काय?”

“मतलब... सगळं मिळून.”

“सगळं म्हणजे काय काय?”

“ते क्लायंट ठरवतो.”

“आणि हे ‘सीमलेस व्हॅल्यू’?”

प्रसन्ननं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “खरं सांगू? ही स्लाइड मी जुन्या कंपनीतून आणली. तिथे आम्ही पाण्याचे फिल्टर विकायचो.”

कौमुदीनं शब्दकोश समोर ठेवला आणि शब्दाला शब्द लावत गेली. दोन दिवसांत सगळ्या स्लाइड मराठीत झाल्या. पहिलीवर उमटलं: ‘सर्वांगीण परिसंस्थेच्या माध्यमातून अखंड मूल्यनिर्मितीचे सक्षमीकरण करीत गतिशीलतेच्या नव्या क्षितिजाकडे आमची वाटचाल अविरत सुरू आहे.’ मराठी न येणाऱ्या राघवला कळलं काहीच नाही, पण ऐकून तो खूश झाला. “वाह! बहुत वजनदार है.”

तिनं ते वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. वडील एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते, नुकतेच निवृत्त झालेले. लगेच त्यांचा फोन आला.

“कौमे, कोण गेलं गं?”

“कुठे कोण गेलं, बाबा?”

“हे श्रद्धांजलीचंच आहे ना? वाचून वाटलं, कुणीतरी फार थोर माणूस गेला. वय किती होतं?”

तिनं काय आहे ते सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचून काढलं. मग म्हणाले, “बाई, मी तीस वर्षं माइकवर सांगितलं की बार्शी-लातूर फलाटावर लागलेली आहे. ऐकणारा उठून पिशवी घेऊन चालायला लागला पाहिजे. तुझं ऐकून माणूस दोन मिनिटं उभा राहील, डोळे मिटून.”

मग ती हट्टाला पेटली. अडतीस स्लाइडमधलं प्रत्येक वाक्य घेऊन ज्याला त्याला विचारत सुटली, की याचा खरा अर्थ सांग. ज्याचा अर्थ कुणालाच सांगता येईना, ते वाक्य खोडलं. गुरुवारी संध्याकाळी तिच्याजवळ चार ओळी उरल्या. बसमध्ये आम्ही एक डबी बसवतो. बस कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं. उशीर झाला तर आधी कळतं. डबी बिघडली तर आम्ही दुरुस्त करून देतो.

राघवनं त्या ओळी प्रसन्नकडून हिंदीत ऐकल्या आणि त्याचा चेहरा पडला. “कौमुदी, चार ओळी ऐकायला सोलापूरहून कोणी येतं का? वजनदारवालं वाच.”

शनिवारी शेषराव आणि आक्काबाई आले. शेषराव साठीचे, हसरे. आक्काबाई किडकिडीत, नऊवारीतल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. राघवनं हात जोडले आणि पडदा उजळला. कौमुदी वाचू लागली. सर्वांगीण परिसंस्था झाली, मूल्यनिर्मिती झाली, बाराव्या स्लाइडवर क्षितिज आलं. शेषराव मान डोलावत होते. आक्काबाई हात जोडून बसल्या होत्या, पोथी ऐकायला बसावं तशा. चोविसाव्या स्लाइडला कौमुदीच्या घशाला कोरड पडली. आक्काबाईंनी स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली.

“पी, बाई. छान वाचलीस. पाठ हाय का?”

“नाही, आक्का.”

“मग आता मला सांग, तुमी विकताय काय?”

कौमुदीनं राघवकडे पाहिलं. राघवला प्रश्न कळला नव्हता, पण आवाजातला रोख कळला होता. तो पडद्याकडे बघत राहिला. कौमुदीनं लॅपटॉप मिटला आणि त्या चार ओळी सांगितल्या.

आक्काबाई पुढे सरकून बसल्या. “हां! हे आदी बोलायचंस की गं. आता ऐक. माझ्या निम्म्या बायांकडं बटणाचा फोन हाय. मोठा फोन पोरं कॉलेजला घेऊन जातेत. त्यांना बस कशी दिसायची?”

कौमुदीनं हे हिंदीत सांगितलं. “गुड पॉइंट,” राघव म्हणाला, “यावर आपण ऑफलाइन अलाइन होऊ.”

“काय म्हनले ते?” आक्काबाईंनी विचारलं.

‘नंतर नक्की बघू’ असं खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. “आक्का, त्या बायकांसाठी आमच्याकडे काही नाही,” ती म्हणाली आणि मग राघवलाही तेच हिंदीत सांगितलं.

आता नोकरी गेली, असं कौमुदीला वाटलं. पण राघव तिच्याकडे बघतच नव्हता. तो भिंतीकडे बघत होता, ओठ हलत होते. एकदम तो उठला.

“घंटी!” तो म्हणाला. “बस तीन स्टॉप दूर हो, तो उसके फोन पे घंटी बजे. बस, मिस कॉल. उठाना भी नहीं है. बटनवाला फोन भी चलेगा!” फळ्याकडे जाऊन तो बस काढायला लागला. चाकं, खिडक्या, सगळं. खाली त्यानं ‘बस’ असंच लिहिलं. प्रसन्न तोंड उघडं ठेवून बघत राहिला. डबी कशी ओळखेल की तीन थांबे उरलेत, हे राघव आक्काबाईंना थेट हिंदीत समजावू लागला, आणि नवल म्हणजे त्यांना ते सगळं समजत होतं.

“एका बसला लावून बगू,” शेवटी आक्काबाई शेषरावांना म्हणाल्या. “महिनाभर. आन ही पोरगी संगं यिऊ दे.”

सोमवारी राघवनं सगळ्या कंपनीला मेल टाकली, की गतिसार आता ‘सिम्प्लिसिटी-लेड ट्रान्सफॉर्मेशन जर्नी’वर निघाली आहे. कौमुदीनं ती उघडली नाही. ती प्रवासाची बॅग भरत होती.

पंधरा दिवसांनी सकाळी सात वाजता ती सोलापूरच्या बाहेर, कारखान्याच्या बसमध्ये ड्रायव्हर उत्तमच्या मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. बस निघाली. तीन थांब्यांवरच्या बायकांना एकेक मिस कॉल गेला. पडद्यावर हिरव्या खुणा उमटल्या. तिला इतका आनंद झाला की तिनं उत्तमची पाठ थोपटली.

आणि मग तिचा स्वतःचा फोन वाजला. मिस कॉल ज्या नंबरवरून जात होते, त्यावर कुणी उलट फोन केला तर तो तिच्याकडे यावा, अशी सोय कंपनीनं करून ठेवली होती.

“कोण हाय रे तिकडं?” एक पुरुषी आवाज ओरडला. “सकाळच्या पारी माझ्या बायकोला मिस कॉल देतोस?”

तेवढ्यात दुसरा फोन वाट बघू लागला. मग तिसरा. एकूण अकरा नवरे. घंटीचं बायकांना सांगून ठेवलं होतं, नवऱ्यांना सांगायचं राहिलं होतं.

कौमुदीनं पहिलाच फोन कानाला धरून ठेवला. कंपनीचं नाव सांगावं तर त्याला काय कळणार? मोबिलिटी म्हणावं तर तो काठी घेऊनच येईल.

“दादा,” ती म्हणाली, “मी बस बोलतेय.”

“कोण?”

“बस. कारखान्याची. मी आता पाण्याच्या टाकीपाशी आले. तीन थांबे राहिले. ताईंना निघायला सांगा.”

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. मग तो माणूस आवाज खाली आणून, अगदी आदरानं म्हणाला, “ती डबा भरतीय. दोन मिनिटं थांबाल का?”

“थांबते,” कौमुदी म्हणाली, आणि उत्तमला गाडी हळू घ्यायला सांगून तिनं दुसऱ्या नवऱ्याचा फोन उचलला.