बाराच्या आत

मित्रांनो, माझं आता वय झालंय. मी दाण्यातला ओलावा मोजणारी एक जुनी मशीन आहे. फुलंब्रीकडं मात्र मला त्या नावानं कुणी ओळखत नाही. "मॉश्चर आणा," अशी हाक आली, की ती माझ्यासाठीच असते.

शेंद्र्याच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पोटाशी दाणे भरायची वाटी आणि कपाळावर आकडे उमटायची काच, एवढंच माझं रूप. ज्या बाईंनी माझे स्क्रू आवळले, त्यांनी पेटीत ठेवताना मला हळूच नमस्कार केला होता. तो मी विसरले नाही.

सरकार सोयाबीनला एक भाव बांधून देतं. बाजार पडला तरी खरेदी केंद्रावर त्याच भावानं माल घेतात, म्हणून तो हमीभाव. अट एवढीच, की दाणा वाळलेला हवा, ओलावा शेकडा बाराच्या आत. ते ठरवायचं काम माझं. पूर्वी व्यापारी दाणा दाताखाली धरायचा आणि "ओला हाय" म्हणून भाव पाडायचा. दाताशी कोण भांडणार? माझ्या काचेवरचा आकडा मात्र शेतकरी स्वतः वाचतो. याचा मला फार अभिमान वाटतो.

गेल्या हंगामात मात्र माझ्या अब्रूवरच आलं होतं. केंद्राचा शेवटचा दिवस होता. कौसाबाई आणि त्यांचा मुलगा बन्सी ट्रॅक्टर घेऊन आले. हमीभावासाठी त्यांनी दसऱ्यापासून माल घरात राखला होता. कौसाबाईंचा गुरुवारचा उपवास होता. केंद्रावरच्या हबीबभाईंनी पहिल्या पोत्याचं तोंड सोडून वरची मूठ माझ्या वाटीत भरली.

पंधरा.

"नाय जमणार, मौसी. वाळवून आणावं लागंल."

"आज केंद्र बंद होतंय, अन् वाळवू कवा?" बन्सी चिडला. "ताडपत्रीवर कडक वाळवलंय. ही मशीनच म्हातारी झाली. भंगारात घाला हिला."

दाराशी उभे असलेले व्यापारी साहेबराव गालात हसले. "म्हणून म्हणतो, माझ्याकडं चल. भाव कमी हाय, पण आपले दात अजून शाबूत हायेत."

लोक हसले. मला फार लागलं. माझा आकडा खरा होता, आणि बन्सीही खोटं बोलत नव्हता.

"मशीनला नको बोलू, बाबा," कौसाबाई हळूच म्हणाल्या. "तिला जे कळलं, ते तिनं सांगितलं."

हबीबभाईंनी वाटी उपडी केली. दाण्यांबरोबर करवंटीची एक कपची खाली पडली. ती उचलून त्यांनी विचारलं, "मौसी, नारळ कुठं फोडला?"

"पोत्यावरच की. लक्ष्मी घराबाहेर निघाली, तिला तशीच लावून द्यायची व्हय?"

"अन् पाणी?"

"तिलाच पाजलं."

"लक्ष्मी प्याली, अन् आकडा माझ्या मशीनचा चढला."

बन्सीलाही हसू आलं. हबीबभाईंनी वरचे भिजलेले दाणे उन्हात पसरले, माझी वाटी कोरड्या फडक्यानं पुसली आणि पोत्याच्या तळातून मूठ काढली. सगळे माझ्या काचेवर वाकले.

"अकरा," बन्सीनं मोठ्यानं वाचलं. मग दुसरं पोतं, तिसरं. सगळी बाराच्या आत. साहेबराव दात कोरत निघून गेले.

माल काट्यावर चढला, तेव्हा कौसाबाई कुंकवाची डबी घेऊन माझ्याकडं आल्या. सवयीनं त्यांचं बोट पाण्याच्या तांब्याकडं गेलं आणि तिथंच थांबलं. "हिला कोरडंच लावते," त्या म्हणाल्या. ते कुंकू अजून माझ्या स्क्रूच्या खाचेत आहे.

मित्रांनो, आता म्हणे नवी मशीन येणार. येऊ दे. तोवर माझी वाटी पुसत जा, हंगाम संपला की सेल काढून ठेवा, आणि आकडा पटला नाही तर शिव्या देण्याआधी दुसरी मूठ घालून बघा. नारळ जरूर फोडा. फक्त पोत्यापासून दोन हात लांब.