चिमटा, पट्टी आणि आतड्याचा जोड

मी ऑपरेशन थिएटरमधला एक जुना चिमटा आहे, मित्रांनो. मला नीडल होल्डर म्हणतात. नाव भारदस्त, पण काम एवढंच, की वाकडी सुई घट्ट धरायची आणि सर्जनबाई नेतील तिकडे जायचं. नवा होतो तेव्हा माझ्यात तोंड बघून घ्यावं असा लखलखीत होतो. वाफेत तापून तापून ती चकाकी गेली, पण पकड अजून तश्शीच आहे. उगाच नाही बाई ट्रेकडे न बघता माझ्यासाठी हात पुढे करत!

वीस वर्षांत आम्ही दोघांनी शेकडो आतडी जोडली. आजारी तुकडा कापायचा आणि उरलेली दोन टोकं शिवायची. मग पोटात पाणी भरायचं, आतड्यात हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का बघायचं. आलाच, तर तिथे आणखी एक टाका.

एकदा मात्र एका आजोबांच्या वेळी बुडबुडा आला नव्हता, तरी पाचव्या दिवशी जोड गळला. आतली घाण पोटात पसरली. ते आजोबा महिनाभर झगडून वाचले, पण बाईंच्या जिवाला तेव्हापासून जो घोर लागला तो लागलाच.

मध्यंतरी एका काकांचं ऑपरेशन होतं. काकांचं सायकलचं, पंक्चर काढायचं दुकान. त्यांची लेक सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती. भूल द्यायच्या आधी काकांनी बाईंना विचारलं, "पाण्यात बुडवून बघणार ना?"

"बघणार हो, काका."

"आणि वरून ठिगळ?"

"तेही लावणार."

"मग होऊ द्या," काका म्हणाले आणि झोपले.

ठिगळ म्हणजे एक नवीन पट्टी. कागदासारखी पातळ. ओल्या आतड्यावर दाबली की चिकटते आणि जोड झाकून टाकते. खरं सांगतो, मला ती बघताक्षणी आवडली नाही. कालची पोर, आणि सगळं थिएटर तिच्याच कौतुकात! दोनच पाकिटं आली होती.

आम्ही जोड शिवला. एक बुडबुडा आला, एक टाका घातला, मग एकही आला नाही. आता पट्टी लावायची. बाईंनी सवयीने हात सलाइनमध्ये बुडवले. आतड्याला कोरडा हात लावायचा नाही, हे वीस वर्षं अंगात मुरलेलं. त्याच ओल्या हातांनी त्यांनी पट्टी उचलली. झालं! पट्टी हातमोज्यालाच चिकटली आणि सोडवता सोडवता तिचा पार चोळामोळा झाला.

एकच पट्टी उरली होती.

"बाई, हातात घेऊच नका," सिस्टरताई शांतपणे म्हणाल्या. "हा घ्या."

हा म्हणजे मी! त्यांनी मला पुसून कोरडा केला. मी जन्मात सुईशिवाय काही धरलं नव्हतं. पण जिच्यावर जळत होतो, तिचा कोपरा मी अगदी जपून धरला आणि तिला बरोबर जोडावर टेकवलं. बाईंनी मोजे बदलून वरून तीन मिनिटं दाबून धरलं.

पुढचे दिवस मी कामं केली, पण चित्त सगळं काकांकडे. पाचव्या दिवशी बाई थिएटरात आल्या त्या सांगतच. ताप नाही, पोट मऊ, वाटीभर सूप पचलं. "आणि मला विचारतात कसे, हवा टिकली ना?" बाई खळखळून हसल्या. त्या आजोबांनंतर बाईंना असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. मला तर आनंदाने खणखणावंसं वाटलं.

मित्रांनो, एक मागणं आहे. नवीन वस्तू हाती आली, तर तिला काय सोसतं आणि काय नाही, ते आधी समजून घ्या. आणि आमच्यासारख्या जुन्यांना धुऊन पुसून जवळच ठेवा.

ती पट्टी काही आठवड्यांत काकांच्या पोटात विरघळून जाईल. काका दुकानात बसतील, लेक निवांत होईल, मी ट्रेवर मिरवेन. पट्टी मात्र आपली गोष्ट सांगायला उरणार नाही. म्हणून ती मी सांगितली.