सतरा नंबरचा फॉर्म

विजयमालाने पर्समधून सतरा नंबरचा फॉर्म काढला आणि त्याची घडी मांडीवर सरळ केली. समोर हरिबा घोंगडीवर बसला होता. त्याची मुलगी ऋतुजा, विजयमाला शिकवायची त्याच वर्गातली, दाराला टेकून उभी होती.

हा फॉर्म भरला की ऋतुजाला दहावीला बाहेरून बसता येईल, त्यासाठी आधी शाळेतून दाखला काढावा लागेल, असं विजयमालाने समजावून सांगितलं. एवढंच सांगितलं. ऋतुजा नववीला गणितात कशीबशी पास झाली होती. ती शाळेतूनच दहावीला बसली, तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागणार नव्हता. नव्या इंग्रजी शाळेच्या शंभर टक्क्यांचे फलक मंगळवेढ्यात जागोजागी लागले होते आणि यंदा आठवीला अठराच मुलं आली होती. पट आणखी घसरला तर एक शिक्षक अतिरिक्त ठरणार होता. सगळ्यांत कनिष्ठ विजयमालाच होती.

हरिबाने फॉर्म हातात घेतला. वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिला.

"मल्हारला बी ह्योच दिलता," तो म्हणाला. "तवा बी अंगठा लावला म्या."

मल्हार त्याचा थोरला. तीन वर्षांपूर्वी त्याचा दाखला निघाला आणि तो परीक्षेला बसलाच नाही. त्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला होता. स्टाफरूममध्ये पेढे विजयमालानेच वाटले होते.

"कुटं लावायचा, दावा. तुमी सांगताय म्हंजी पोरीच्या भल्याचंच आसंल की."

ऋतुजा आत गेली. तिने जमिनीवरचं दप्तर उचललं आणि वर खुंटीला अडकवून ठेवलं.

विजयमालाने फॉर्म परत घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी तिने मुख्याध्यापिका गोदावरीबाईंना सांगितलं की, हरिबा काही केल्या तयार होत नाही. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि तिच्यासमोरच फोन लावून हरिबाला शाळेत बोलावून घेतलं.

त्या दिवशी फळ्यावर सोपं गणित सोडवताना ती दोनदा चुकली. तिला वर्गातून बोलावणं आलं तेव्हा हरिबा ऑफिसात येऊन उभा होता. खुर्ची दिली तरी तो बसला नव्हता.

"तुम्ही फॉर्मला नाही म्हणालात, असं मॅडम सांगतात," गोदावरीबाई म्हणाल्या. "खरं का?"

विजयमाला टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. हरिबाने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"व्हय. ह्या बाईंनी लई सांगितलं. मीच न्हाय म्हनलो."

"आणि पोर नापास झाली तर?"

"व्हऊ दे. शाळेतनं व्हऊ दे."

मग उद्यापासून ऋतुजाला गणितासाठी तासभर आधी पाठवा, एवढंच गोदावरीबाईंनी सांगितलं.

हरिबाने मान डोलावली आणि विजयमालाकडे न बघता तो दाराबाहेर काढलेल्या चपला पायात घालू लागला.