सांबराच्या पायातली तार

सांबराच्या मादीच्या मागच्या पायात तार रुतली होती, आणि ती पाहणारी गिरिजा एकटीच होती. सिंगापूरच्या बुकित पंजांग भागात तिच्या इमारतीमागे जंगलाची कड आहे. तिथे तिन्हीसांजेला ती मादी लंगडत आली आणि गिरिजाने मोबाइल काढेपर्यंत दिसेनाशी झाली. प्राणी वाचवणाऱ्या संस्थेने फोनवर नम्रपणे सांगितलं, की तार दिसेल असा फोटो द्या, मग माणसं पाठवू. ऐकीव गोष्टीवर जनावराला भूल देत नाही. कॅमेरे लावायची परवानगी मात्र त्यांनीच मिळवून दिली.

मग प्रकरण आमच्या मराठी निसर्ग गटाकडे आलं. आमच्याकडे काहीही आलं की आधी समिती नेमतात.

समितीवर शैलेंद्र. पाया लेबारच्या ऑफिसात तो सॉफ्टवेअर तपासणीचा मॅनेजर आहे, आणि घरी आमटीलासुद्धा पास-नापास करतो, असं त्याची बायको सांगते. त्याने दुकानातून दोन ट्रेल कॅमेरे आणले. समोर काही हललं की हे आपोआप फोटो काढतात. नापसंत पडेल तो परत द्यायचा, या बोलीवर. दोन्ही एकाच झाडाला बांधले. आलेले फोटो त्याने व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले आणि सगळ्यांनी दहापैकी गुण द्यावेत असं फर्मान काढलं. लोकांनी ऑफिसला जाता-येता एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या दिले.

"पहिल्याचा हिरवा रंग बघा, गुहागरला आल्यासारखं वाटतं," चारुदत्तने जहाजावरून लिहिलं. तो मरीन इंजिनियर. स्वतः समुद्रात असतो, पण मत द्यायला कायम हजर.

"गुहागर राहू दे, पाय दिसतो का सांग," गिरिजाने लिहिलं.

"रात्रीचे दोन्हींचे सारखेच धूसर आहेत, गिरिजाताई," शैलेंद्रचं उत्तर. "म्हणून दिवसाच्या गुणांवर ठरवू."

"सांबर अंधार पडल्यावर येतं, शैलेंद्र."

"नोंद घेतली."

शैलेंद्रने नोंद घेतली की समजावं, विषय संपला. पहिला कॅमेरा जिंकला, दुसरा दुकानात परत गेला.

मादी येत राहिली. प्रत्येक फोटोत गवताचं पातं न् पातं स्वच्छ, आणि जिथे पाय हवा तिथे पांढरा फराटा. स्थिर वस्तूंचे फोटो तो कॅमेरा फार सुंदर काढत होता. संस्थेचं उत्तर दर वेळी तेच यायचं: प्राणी दिसतो, तार दिसत नाही.

शेवटी रविवारी दुपारी गिरिजा शैलेंद्रच्या घरी जाऊन लॅपटॉपसमोर बसली. "परत दिलेल्या कॅमेऱ्याचे फोटो दाखव."

"ग्रुपवर टाकलेत की."

"ग्रुपवर पाठवताना फोटो दाबून बारीक होतात, त्यातलं निम्मं गळून जातं. मला कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे मूळ फोटो हवेत."

शैलेंद्रने ते कॉपी करून ठेवले होते. उघडले मात्र नव्हते. त्याने एक रात्रीचा फोटो उघडला. रंग नाही, करडा, रुक्ष. पण कानाच्या कडेचे केस दिसत होते. मागच्या पायाला तारेचा पीळ होता आणि त्याखाली कातडी सुजली होती. ग्रुपने या फोटोला चार गुण दिले होते.

"हा तर पास होता," शैलेंद्र हळूच म्हणाला.

"नापास कोण झालं ते नंतर बघू. आधी हा पाठव."

संस्थेचं उत्तर लगेच आलं. फोटो उत्तम आहे, तार स्पष्ट दिसते. मात्र तो जुना आहे. जखम आज किती खोल गेली आहे ते कळल्याशिवाय भूल देता येणार नाही. याच कॅमेऱ्याचा ताजा फोटो मिळेल का?

शैलेंद्रने फोन हातात घेतला. "ग्रुपवर पोल टाकतो. दुसरा कॅमेरा पुन्हा आणायचा का, म्हणून. संध्याकाळपर्यंत मतं येतील."

गिरिजाने त्याच्या हातातला फोन काढून घेतला, दुकानाचा पत्ता विचारला आणि त्यावरूनच टॅक्सी बोलावली.

"पण ताई, समितीला न विचारता—"

"चप्पल घाल," ती म्हणाली. "आज अंधार पडायच्या आत तो झाडाला बांधायचाय."