पेल्यातलं विसण

भीमसेनरावांनी तंजावरच्या शाळेत तेहतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि त्यांच्याच घरी दोन वर्षांची नात अखिला महिन्यात तिसऱ्यांदा जुलाबांनी हैराण झाली. तिची आई, म्हणजे त्यांची लेक वाणी, चेन्नईहून आली ती पोरीची बॅग भरायलाच. तिच्या नोकरीपायी अखिला वर्षभर आजोबांकडे होती. बायको गेल्यावर ओस पडलेलं घर पोरीनं पुन्हा नांदतं केलं होतं. आता ती पाळणाघरात जाणार होती.

"पाणी तर मी घड्याळ लावून उकळतों," भीमसेनराव पुन्हा म्हणाले. खोटं नव्हतं ते. पातेल्यापाशी ते पहारेकऱ्यासारखे उभे राहत, मोलकरणीला जवळ फिरकू देत नसत.

"तुमचें चुकलें म्हणालें काय मी, अप्पा? एथलें पाणीच तीज सोसत नाहीं."

तेवढ्यात अखिलानं "अज्जा, तण्णी!" करत भोकाड पसरलं. पातेलं नुकतंच उतरवलेलं, वाफा निघत होत्या. भीमसेनरावांनी अर्धा पेला भरला, नळाच्या पाण्याचा सोंबू, म्हणजे तांब्या, उचलून वरून विसण घातलं आणि कोमट झालं का ते बोट बुडवून पाहिलं. अंघोळीच्या पाण्याचं जन्मभर करत आले होते, तसंच.

बोट पेल्यातच राहिलं.

रोज हेच! आधी खळखळा उकळायचं, आणि पोरगी रडते म्हणून वरून कच्चं पाणी ओतायचं. गप्प बसले असते तर दोष पाण्यावर गेला असता, मास्तरांची अब्रू शाबूत राहिली असती. सांगितलं, तर असल्या वेंधळ्या म्हाताऱ्याकडे पुन्हा कोण पोर ठेवील?

त्यांनी पेला मोरीत ओतला. "वाणी, पाण्याचा दोष नाहीं. माझा आहे." आणि सगळं सांगून टाकलं.

वाणी हसत सुटली, पार डोळे पुसेपर्यंत. मग तिनं बॅगेतले फ्रॉक काढून कपाटात ठेवले.

"नेत नाहींस?"

"पाळणाघरांतले असें आपण होऊन सांगतील काय मज? पण विसण नोको, अप्पा."

भीमसेनरावांनी झाकलेलं पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं आणि विंझणवारा घालत बसले. अखिला तहानेनं रडत होती. इथेच, त्यांच्या स्वयंपाकघरात रडत होती, आणि त्यांना मनापासून बरं वाटत होतं.